जगाच्या फौजेसाठी गल्लीची वर्गणी

मी एकदा जगाच्या फौजेसाठी आमच्या गल्लीत वर्गणी काढली होती. हसा. माझ्या नातीही हसतात. बावीस वर्षांची होते, डोक्यात अक्कल सोडून सगळं होतं.

आमचे हे काँगोत गेले होते. सगळ्या देशांनी मिळून धाडलेली फौज, डोक्यावर निळी टोपी. पत्रात लिहिलं होतं, 'इथं लढायचं नाही, लढणाऱ्यांच्या मधे उभं राहायचं.' मधेच उभे होते, तेव्हा गोळी लागली. तार आधी आली. ते पत्र मागनं.

आपल्या सरकारनं पेन्शन सुरू केली. त्या फौजेकडून भरपाई यायची होती, ती काही येईना. सैनिकांच्या कचेरीत कारकून म्हणाला, "बाई, ती फौज देशोदेशीच्या वर्गणीवर चालते. मोठमोठ्या देशांनीच वर्गणी थकवलीय. जमली की मिळेल."

वर्गणी म्हटल्यावर मला आमच्या तालमीचा गणपती आठवला. तिथं कुणी वर्गणी थकवली की त्याचं नाव खडूनं फळ्यावर. आणि कमी पडलेलं आम्ही बायका घरोघर फिरून जमवायचो. मांडव कधी अडला नाही. म्हटलं, त्यात काय अवघड! निघाले डबा घेऊन. शेजारच्या हमीदाभाभीनं, गाद्या भरणाऱ्याच्या बायकोनं, पहिलं नाणं टाकलं. एका बाईकडं नाणं नव्हतं, तिनं ओंजळभर जोंधळे घातले. मला वाटलं, आता काँगोतली फौज माझ्या जिवावर चालणार. शहाणी!

सोमवारी तो डबा कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. "आमच्या गल्लीची वर्गणी. तेवढी पुढं धाडा, आन् आमचं काम उरका."

खोलीत दोन पाहुणे बसले होते, कडक इस्त्रीचे. साहेबांनी डब्यात बोटं घातली, जोंधळे वर काढले. "बघा, मोठे देश हात वर करतात, आणि आमची ही बाई जोंधळ्यावर फौज पोसतेय." मग मला म्हणाले, "नवऱ्याचं नाव काय?"

मी मान खाली घातली. ते नाव कधी घेतलंच नव्हतं.

पाहुण्यांतला एक म्हणाला, "लाजताय काय? उखाण्यात घ्या की!"

विधवेला. उखाण्यात.

तिघं हसले. आणि मीही हसले. साहेबलोक हसले की हसायचं, एवढंच शिकलेली. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, आणि दात काढून उभी. ती पोर मला अजून दिसते. तिच्या तोंडावर पदर टाकावासा वाटतो.

साहेबांनी डब्यातली नाणी वेचून शिपायापुढं धरली. "यातूनच तीन चहा सांग."

तीन. मला धरून चौघं होतो.

मी त्यांचं मनगटच धरलं.

"दत्तू," मी म्हटलं. "दत्तू ज्ञानू. वय सव्वीस. काँगोत मेले. ह्या नावावर पावती फाडा."

आयुष्यात पहिल्यांदा ते नाव तोंडून निघालं. ओ द्यायला माणूस नव्हता.

"असली पावती नसते, बाई."

"मग ह्यातनं चहाबी न्हाय. कुठल्या कुठल्या देशानं थकवलंय, ती नावं लिवून द्या. आमच्या फळ्यावर लिवायची हायती."

आता कुणी हसलं नाही. नावंही दिली नाहीत. मी त्यांच्या हातातली नाणी डब्यात टाकली, डबा काखेत मारला आणि बाहेर आले.

संध्याकाळी ज्याचं त्याला परत करत फिरले. जोंधळेसुद्धा. हमीदाभाभीला सगळं सांगितलं, मी हसले तेही. तिनं नाणं घेतलं नाही. माझी मूठ मिटवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. सोमवारी परत जायाचं. नावं मिळूस्तवर दर सोमवारी जायाचं, मी बी येते. पर त्येंच्यासंगट परत हसलीस, तर माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय."