आत का नाही झोपत?

लग्न होऊन मी गिरगावातल्या या खोलीत आले, त्या रात्री कुणी काही म्हणायच्या आत सासऱ्यांनी आपली गादी उचलली आणि गॅलरीत नेऊन टाकली. सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या. खोली एकच, मागे ओटा आणि मोरी. बाबांनी कठड्याला आणि भिंतीतल्या खिळ्यांना मच्छरदाणीच्या नाड्या बांधल्या, आमच्याकडे न बघता "दार लावून घ्या" म्हणाले आणि आडवे झाले. तेव्हापासून ती त्यांची जागा. पावसात वर ताडपत्री, थंडीत कानटोपी, पण आत कधी नाही. आमच्या मजल्यावर यात नवल काही नाही. ज्या घरात मुलाचं लग्न होतं त्या घरातला बाप बाहेर येतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही आणि कुणी कधी बोलूनही दाखवत नाही.

समोर एक जुना छापखाना होता. तो बंद पडला आणि तिथे गाण्याचं हॉटेल आलं. दारूचा परवाना, गाण्याचा परवाना, सगळं कायदेशीर. त्याची गच्ची नेमकी आमच्या गॅलरीच्या समोर, एका उंचीवर. गाणारी मुलगी माइक घेऊन उभी राहिली की बाबांच्या उशाशीच उभी राहिल्यासारखं वाटायचं. तरी बरं, साडेअकराला बंद व्हायचं. बाबा तोवर खुर्ची टाकून बसायचे, मग झोपायचे, आणि पहाटे नळाला पाणी आलं की उठून भरायचे. पाण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. "तुला ऑफिस आहे, तू झोप," म्हणायचे. मुलगी झाल्यावर तर मला त्यांनी कधी बादलीला हात लावू दिला नाही. गोदीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, पण हंडे असे भरायचा की जमिनीवर थेंब नाही.

मग हॉटेलचा मॅनेजर मिठाईचे बॉक्स घेऊन मजल्यावर आला. वेळ दीडपर्यंत वाढवून मागितली होती, शेजाऱ्यांची हरकत नाही असं लिहून हवं होतं. मी तशी तोंडाची फटकळ आहे. मजल्यावर कुणाचं कुणाशी वाजलं की मला पुढे करतात. मी त्याला म्हटलं, "काजूकतली छान दिसतेय, तुमच्या घरी न्या, तुमचे वडील झोपलेले असले की त्यांच्या कानाशी बसून खा." तो हसला. त्याला रोज असं ऐकायची सवय असणार.

आम्ही हरकत घेतली. परवान्याच्या ऑफिसात सुनावणीला बोलावलं, तेव्हा मी रजा टाकली, नवऱ्यानं हाफ डे घेतला, मजल्यावरची चार माणसं आली आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आदल्या रात्री मी काय काय बोलायचं ते मनात घोटून ठेवलं होतं. आवाज, खालच्या मोटारसायकली, शिट्ट्या मारून गाड्या बोलावणारी माणसं. सगळं बोलले. साहेब सज्जन होता, हे मला कबूल करायलाच हवं. त्यानं ऐकून घेतलं. हॉटेलवाल्यांना गच्चीला काच लावायला सांगितली. मग बाबांकडे वळून म्हणाला, "आजोबा, त्रास सगळ्यात जास्त तुम्हाला होतो असं दिसतंय. तुम्ही गॅलरीत झोपता?"

"हो."

"खोली आहे ना तुमची?"

"आहे की."

"मग दार-खिडकी लावून आत झोपा. काच लागली की आत तितकं येणार नाही."

बाबांनी शर्टाची बाही नीट केली. साहेबाला वाटलं, काही दुखणं असेल. "दमबिम आहे का? बंद खोलीत घाबरायला होतं? डॉक्टरचा कागद असेल तर द्या, मी त्याचा विचार करीन."

"नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे," बाबा जरा ताठ बसून म्हणाले.

"मग आत का नाही झोपत?"

सरळ प्रश्न होता, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. चार माणसांपैकी दोन स्वतः गॅलरीत झोपणारी. एकजण खिडकीबाहेर बघायला लागला, एकानं चष्मा पुसायला काढला. बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. नवऱ्याचे कान लाल झाले. मी, जिला मजला भांडायला पुढे करतो, ती मी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होते आणि लावत होते. काय सांगणार होते? साहेब, सून ज्या खोलीत नवऱ्याशेजारी झोपते त्या खोलीत सासरा झोपत नाही, असं त्या माणसाच्या तोंडावर, परक्या लोकांत, टेबलावर मांडू? बाबांनी इतकी वर्षं जे झाकून धरलं तेच मी उघडं करू? साहेबानं मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

परतताना चर्नी रोडला उतरलो. तिथे बाबाच म्हणाले, "त्या साहेबाचं काही चुकलं नाही." मला त्या क्षणी साहेबाचा नाही, बाबांचा राग आला. आणि स्वतःचा तर विचारू नका.

हॉटेलला दीडपर्यंतची परवानगी मिळाली. काच लागली, ती असून नसून सारखीच, कारण लोक सिगारेट ओढायला दार उघडं टाकून गच्चीच्या कडेला येतात आणि तिथेच उभे राहतात. बाबा रात्री चौपाटीवर जाऊन बसायला लागले. हॉटेल मिटलं की यायचे, पाठ टेकतात न टेकतात तोवर नळ वाजायचा. एकदा पिंप भरताना बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. पाणी गॅलरीतून खाली ओघळलं, खालच्या बाई ओरडत वर आल्या. बाबांनी त्यांना हात जोडले. आयुष्यात मी त्यांना कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, आता पुरे. आजपासून आत. मी आणि पोरगी ओट्याकडे झोपतो."

"बरं," म्हणाले.

आत झोपले ते भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन. रात्रभर खोकले नाहीत, कूस बदलली नाही, पाणी प्यायला उठले नाहीत. मी जागी होते म्हणून मला माहीत. एखादा माणूस आपण तिथे नाहीच असं किती वेळ राहू शकतो, ते मी बघत होते. सकाळी त्यांनी पाणी भरलं, आंघोळ केली आणि पिशवी भरून अँटॉप हिलला नणंदेच्या सरकारी क्वार्टरमध्ये निघाले. "चार दिवस लेकीकडे जातो," म्हणाले. मी अडवलं नाही. सोपं झालं आपलं, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि ते आल्याची मला अजून शरम वाटते.

चार दिवसांचे महिने झाले. ते इकडे येतात ते फक्त ड्राय डेला, कारण त्या दिवशी समोर दारू नाही, गाणं नाही, कुत्रं फिरकत नाही. मी कॅलेंडरवर ड्राय डेला लाल गोल करून ठेवते. अख्ख्या गिरगावात ड्राय डेची अशी वाट बघणारं घर आमचंच असेल. संध्याकाळी पिशवी घेऊन येतात, त्याच खिळ्यांना नाड्या बांधतात, नऊला घोरायला लागतात. पहाटे पाणी भरून परत जातात.

गेल्या आठवड्यात नणंदेच्या मुलाचं, आमच्या भाच्याचं लग्न झालं. नवी नवरी ठाण्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली, गोड पोरगी. काल तिनं मला फोन केला. आवाज दबका होता.

"मामी, आजोबा लग्नाच्या रात्रीपासून बाहेर जिन्यात गादी टाकून झोपतात. वॉचमन दोनदा उठवून गेला, जिन्यात झोपायचं नाही म्हणतो. आई रडतात. मी सांगितलं, आजोबा, हॉलमध्ये जागा आहे, तर नुसते हसतात." मग हळूच म्हणाली, "ते आत का नाही झोपत? माझं काही चुकलं का?"

मी फोन कानाला धरून कॅलेंडरसमोर उभी होते. या वेळी परकं कुणी नव्हतं, साहेब नव्हता, बाबाही समोर नव्हते. तरी माझ्या तोंडून ते निघालं नाही.

"तुझं काही चुकलं नाही गं," मी म्हटलं. "त्यांना इकडे पाठव."

"कधी पाठवू?"

मी पान उलटून पुढचा महिनाही बघितला. लाल गोल कुठेच नव्हता.