मावशीचे धवले लॅपटॉपवर उतरले तेव्हा

माझी मावशी धवलारीण. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावांत आगऱ्यांचं लग्न निघालं की हळदीपासून मांडवापर्यंत धवले गायला तिलाच बोलावणं यायचं. गाणी तिने कधी लिहून ठेवली नाहीत, तिला लिहिताच येत नाही. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही. मावशीने मला रोह्याला फोन करून एवढंच सांगितलं, "ये गो, भरून घे."

मी दोन दुपारी तिच्या पडवीत बसून सत्तावीस धवले माझ्या मोबाइलमध्ये भरून घेतले. ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेला. आता ती घोगरं, कुजबुजल्यासारखं बोलते.

आणि त्यानंतर महिन्याभरातच माझा फोन ओल्या ओट्यावर पालथा पडला. चालू होता, पण चार्जच होईना. पेणच्या रिपेअरिंगवाल्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "सॉकेट गेलंय. बदलून देतो, पण आतलं राहीलच असं नाय सांगत. आधी काय हाय ते काढून घ्या." बॅटरी एकतीस टक्के होती. मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला आणि रोह्याला परतले. गाडीत पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी लॅपटॉप उघडला. सॉकेटच गेलेलं, त्यामुळे केबलचा प्रश्नच नव्हता. ब्लूटूथने एक धवला पाठवून बघितला, तो अर्ध्यावर तुटला. व्हॉट्सॅपवर टाकला तर आमचं नेट इतकं मंद की गोल फिरतच राहिला. मग वायफायवरून फाइली पाठवायची सोय होती ती उघडली. फोन शोधत राहिला आणि शेवटी म्हणाला, जवळ कोणीच सापडलं नाही. लॅपटॉप त्याच्यापासून वीतभर लांब होता. बॅटरी बावीसवर आली.

मी फोन परत बंद केला. पुन्हा भरून घ्यायला आता मावशीचा आवाज नव्हता. गाणी माझ्या हातात सुखरूप आहेत असं मानून मी महिनाभर दुसरी प्रत काढली नव्हती, हे मला सारखं टोचत होतं.

माझी नणंद डोलवीला कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघते. घरच्या लँडलाइनवरून तिला फोन लावला. ती जेवायच्या सुट्टीत होती.

"वहिनी, घाबरू नको. दोन्ही एकाच वायफायवर हायत का?"

"हो, घरच्याच."

"नाव वाचून दाखव."

फोन चालू करून वाचलं. लॅपटॉप आमच्या वायफायवर होता. फोनवर मात्र तेच नाव होतं आणि पुढे 'गेस्ट' लिहिलेलं. पाहुण्यांना पासवर्ड द्यावा लागू नये म्हणून आम्ही ते दुसरं वायफाय सुरू केलं होतं, आणि माझा फोन केव्हातरी त्याच्यावर जाऊन बसला होता.

"मग कशी दिसतील ती एकमेकांना?" ती म्हणाली. "पाहुण्यांना घरातलं दाखवायचं नाय, म्हणून तर ते वेगळं असतं. बदल. आणि नेट मंद असलं तरी चालतं, याला नेट लागत नाय."

बदललं. तरी लॅपटॉप दिसेना. तिने जराही घाई न करता लॅपटॉपची सेटिंग उघडायला लावली. तिथे आमचं घरचं वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं होतं, म्हणजे स्टेशनवरच्या परक्या वायफायवर असल्यासारखा लॅपटॉप लपून बसला होता. 'प्रायव्हेट' केलं. फोनवर लॅपटॉपचं नाव आलं.

"आलं गं," मी म्हणाले.

"सगळे निवड आणि पाठव. स्क्रीन विझू देऊ नको, विझली की तुटेल. बोट लावत राहा."

मी बोट लावत राहिले. ती तिकडे भाकरी खात होती, मी इकडे आकडे वाचत होते. नऊ झाले. चौदा. बॅटरी अकरा टक्के. वीस. सव्विसावा बराच वेळ अडला, मग पुढे सरकला. सत्ताविसावा पोचला तेव्हा बॅटरी सहावर होती.

"आता एक वाजवून बघ," ती म्हणाली. "नुसतं नाव आलं म्हणजे गाणं आलं असं नाय."

वाजवला. आधी कोंबडा आरवला, मग मावशी कुणाला तरी म्हणाली, "दार लोट रे," आणि मग तिचा तो मोठा, खुला आवाज सुरू झाला. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघी फोन धरून होतो. मग तिने लगेच पेनड्राइव्हवर दुसरी प्रत काढायला लावली, आणि प्रत निघाल्यावरच परत कामाला गेली.

रविवारी लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेले. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती मांडी घालून बसली आणि लक्ष देऊन ऐकू लागली. चौथ्या धवल्याला तिने हात वर केला. "थांबव," ती कुजबुजली. "इथं मी कडवं गाळलंय."

"राहू दे ना मावशी."

"राहू दे कसं? पोरी चुकीचं शिकतील."

शेजारच्या दोघी जणी शिकायला येणार होत्या, हे मला तेव्हा कळलं. मावशीने राहिलेलं कडवं घोगऱ्या आवाजात एकेक ओळ करून सांगितलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं.