दहा ओहमची पेटी

प्रयोगशाळेच्या कपाटात तुटक्या वायरी साठत जातात. 'लागेल कधीतरी' म्हणून कोणी टाकत नाही. शनिवार पेठेतल्या आमच्या कॉलेजचे किस्सेही माझ्याकडे असेच साठलेत. मुलांना भीती प्रॅक्टिकलमध्ये नापास होऊन वर्ष जाण्याची. मला भीती चुकीच्या उत्तरावर माझी सही होण्याची. डॉक्टरेट मिळाली, पण भीती काही गेली नाही.

*

रुजू झालो त्याच दिवशी, मुलांसमोर मी अ‍ॅमीटर चुकीचा जोडला. फ्यूज गेला. धायरीहून सायकलने येणारे आमचे लॅब असिस्टंट पवारमामा नवी तार घालत म्हणाले, "सर, पीएचडी कशात केली?"

"फिजिक्समध्ये."

"मग हरकत नाही. उद्यापासून मी जोडून ठेवत जाईन."

*

परीक्षेच्या दिवशी एकाने दारातच विचारलं, "मामा, व्होल्टेजला करंटने भागायचं की गुणायचं?"

"रेझिस्टन्स पाहिजे तर भाग. पॉवर पाहिजे तर गुण. पास व्हायचंय ना? मग दोन्ही कर."

हेच समजावायला मला अर्धा फळा लागायचा.

*

एकदा साठ वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स मी गणिताने काढला. जवळजवळ नऊशे ओहम. मल्टिमीटर लावला तर सत्तरही भरेना. तीन बल्ब बदलले, दोन मीटर बदलले, शेवटी स्वतःवर शंका घेऊन बसलो. माझे सहकारी शेखसर शेजारी चहा पीत होते.

"अहो सर, तो बंद आहे अजून. पेटल्यावर विचारा त्याला."

तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, हे मी त्याच सकाळी वर्गात शिकवलं होतं.

*

मुलं मीटरच्या काचेवर टिचक्या मारत. शेखसरांनी चिठ्ठी चिकटवली: 'टिचकी मारू नये. काटा तुमच्या उत्तराकडे सरकणार नाही.'

टिचक्या थांबल्या. फक्त मी मारायचो, कोणी नसताना.

*

आणि ती परीक्षा. कात्रजची निर्मला नावाची मुलगी. प्रयोग साधा: व्होल्टेज आणि करंट मोजून बंद पेटीतल्या तारेचा रेझिस्टन्स काढायचा. पेटीवर लिहिलेलं होतं, '१० ओहम'. सगळ्यांचं उत्तर दहा, फार तर नऊ पूर्णांक नऊ. निर्मलाचं चौदा पूर्णांक तीन.

"नापास," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

"सर, तीन व्होल्टला शून्य पूर्णांक एकवीस अँपिअर आला. आला तो लिहिला." वही तिने मिटली नाही.

मुलीचं वर्ष जाणार होतं. मी सगळे मीटर बदलले, वायरी बदलल्या आणि स्वतः मोजलं. चौदा पूर्णांक तीन. पुन्हा मोजलं. तेच.

परीक्षकांनी तिला पूर्ण मार्क दिले आणि बाकीच्या वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मी मामांना गाठलं. "पेटी कोणी उघडली होती?"

"मीच. आतली तार तुटली होती. हाताला आली ती दुसरी घातली. झाली की तीन वर्षं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"अहो, त्यानंतरही सगळ्यांचं दहाच येत होतं. तुम्ही सह्या करत होता. म्हटलं, बरोबर बसली."