शांतवनचा अर्धा शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना हे वाक्यच विनोदी वाटेल — सुधीरने न सांगितलेलं असं काही जगात शिल्लक आहे? घाटकोपर, वाकोला, बोरिवली, कुठल्याही मंडळीत विचारा. माझी साक्ष सगळीकडे झालेली आहे. साक्ष म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेच्या वेळी उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं. बाकीचे दोन मिनिटांत घामाघूम होऊन बसतात. मी पस्तीस मिनिटं घेतो. आधी हसवतो, मग रडवतो, आणि शेवटी कपाळावरचे केस मागे सारून जखमेची खूण दाखवतो. त्या खुणेने मला काय काय मिळवून दिलंय — भाषणं, हार, एकदा तर मिक्सर.

साक्ष अशी: साकीनाक्याच्या गाळ्यात माझ्यावर एका माणसाने लोखंडी पान्याने हल्ला केला, माझं कपाळ फोडलं, आणि मी त्याला क्षमा केली. तो माणूस आमच्याच मंडळीतला, शांतवन. आजही तिसऱ्या बाकावर बसतो. मी त्याच्याकडे हात करून सांगतो, आणि सगळे वळून बघतात.

आता कुठून सुरू करू? खरं सांगायची सवय नाही ना, हात आधी रंगांकडेच जातो.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्या गाळ्यात प्रेस मशीनवर होतो. पत्रा सरकवायचा, पायाने दाबायचं, धाड. दिवसभर धाड धाड. चहाच्या सुट्टीत मशीन थांबली की माझा खेळ सुरू व्हायचा. मी शेठची नक्कल करायचो, मंडळीच्या पाळकसाहेबांची करायचो, आणि सगळ्यात जास्त हशा मिळायचा तो शांतवनच्या नकलेला. शांतवन बोलताना अडखळतो. 'प्रभू' म्हणायला त्याला इतका वेळ लागायचा की प्रभू येऊन परत जाईल — हे वाक्य माझं. तेव्हा गाळ्यात फार गाजलं होतं.

त्या दिवशीही मी ते केलं. सगळे हसले. शांतवनही हसला, ग्लास खाली ठेवला, आणि म्हणाला, "शेठना सांग, तुझ्या जिभेला ओव्हरटाइम द्या. हात तर कायम रजेवरच असतात."

एकदाही अडखळला नाही. एकदाही. आणि पोरं अशी हसली की एकाच्या नाकातून चहा आला. मला तोवर कधी तेवढा हशा मिळाला नव्हता.

कशासाठी मारलं, असं विचाराल ना? यासाठी. एवढ्याचसाठी.

पोरं ग्लास परत द्यायला टपरीवर गेली, वाटेत पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणत. शांतवन आत जाऊन मशीनपुढे वाकला. मी बावीस नंबरचा पाना उचलला आणि मागून गेलो. मागून. पहिला घाव जबड्यावर बसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला, आणि एक दात ऑइलच्या ट्रेमध्ये जाऊन पडला. तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, म्हणून मी दुसरा घातला, गळ्याच्या हाडावर. तेही गेलं, ते मला हातात कळलं. खोटं कशाला बोलू — बरं वाटलं. त्याचं तोंड आता चालणार नाही, याचं बरं वाटलं. तिसऱ्यांदा पाना वर नेला तेव्हा त्याने तो एका हाताने हिसकावला आणि दुसऱ्या हाताने मला ढकललं. मी टेबलाला बसवलेल्या वाइसच्या, त्या लोखंडी शिकंज्याच्या, कोपऱ्यावर कपाळ आपटून पडलो.

कपाळाचं रक्त फार नाटकी असतं. चार टाक्यांची जखम, पण गळ्यापर्यंत लाल. शांतवनचं सगळं आत मोडलेलं, बाहेर थोडी सूज. तो माझ्याजवळ गुडघ्यावर बसला आणि माझ्या कपाळावर स्वतःचा रुमाल दाबून धरला. दुसऱ्या हातात पाना तसाच होता. पोरं धावत आली तेव्हा त्यांनी नेमकं तेवढंच पाहिलं — मी रक्तात आणि पाना त्याच्या हातात.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, साक्ष कोण देतो? बघा, शब्द तोच. पोरांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. मग मी सांगितलं. काय सांगितलं म्हणता — हवालदाराने लिहायचं थांबवून पेन खाली ठेवलं आणि नुसतं ऐकलं. मग शांतवनची पाळी. मोडलेला जबडा, त्यात जन्माचं अडखळणं. "त्या… त्या… त्या…" करत तो माझ्याकडे बोट दाखवत होता. हवालदार म्हणाला, "ए, पिऊन आलायस काय? बस तिकडे."

दोन दिवस तो आत होता. नोकरी गेली. तिसऱ्या दिवशी मी चौकीत जाऊन तक्रार मागे घेतली, मोठ्या मनाने. त्या रविवारी पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. ती माझी पहिली साक्ष.

पण हेही अजून पुरतं नाही. खरी गोष्ट पुढे आहे, आणि मी तिच्याभोवती घिरट्या घालतोय.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेणं, असतं. भाकर घेण्याआधी प्रत्येकाने उठून, ज्याच्याशी बिनसलंय त्याचा हात धरायचा आणि मन मोकळं करायचं, अशी रीत आहे. जबडा सांधल्यापासून शांतवन दर वेळी उठतो, सरळ माझ्याकडे येतो, माझा हात धरतो आणि सुरू करतो, "मा… मा…"

मला वाटायचं, तो 'मारलंस' म्हणणार. सगळ्यांसमोर, "मारलंस तू." म्हणून दुसऱ्या 'मा'लाच मी त्याला मिठी मारायचो. तोंड माझ्या खांद्यात दाबून धरायचो, घट्ट, त्याचा श्वास अडकेपर्यंत. गळ्याच्या त्या सांधलेल्या हाडावर माझं कोपर मुद्दाम रुतवायचो. तो शहारायचा. मंडळी डोळे पुसायची. बावीस वर्षं मी त्या माणसाला दर महिन्याला पुन्हा मारलं — वेदीसमोर, आमेनच्या गजरात. आणि साक्षीत सांगत राहिलो की बिचारा माफी मागायला येतो, पण शब्द काही पुरा होत नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत त्याची बायको, रूथवहिनी, घरी आली. शनिवार होता. चहा घेतला नाही.

"भावजी, पुढच्या रविवारी मुलुंडला तुमची साक्ष आहे म्हणतात."

"आहे."

"आमच्या कृपाचं तिथे जुळतंय. मुलाच्या घरचे त्याच मंडळीतले. ह्यांच्या हातून तेव्हा जे झालं ते झालं, तुम्ही मोठेपणाने सोडलंत. पण त्या दिवशी तेवढं नाव घेऊ नका ना."

ह्यांच्या हातून. म्हणजे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं? की सांगायला लागला असेल, आणि तिनेही माझीच साक्ष आधी ऐकलेली असेल? मी म्हटलं, बघतो.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन. माझा खांदा तेव्हा आखडलेला, दोन्ही हात छातीच्या वर जाईनात. शांतवन आला, हात धरला. "मा… मा…" मिठी मारताच येईना. मी तसाच उभा. त्याने डोळे मिटले, वेळ घेतला, आणि म्हणाला, "माफ… के… केलं." थांबला. "क… कधीच."

इतकंच. आणि जाऊन बसला.

बावीस वर्षं तो मला हे द्यायला येत होता, आणि मी ते त्याच्या तोंडात कोंबत होतो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, नाही? मुलुंडला जाताना रिक्षात मी खरी साक्ष पाठही केली. मग माइक हातात आला. पुढे भरलेली बाकं. दुसऱ्या रांगेत मुलाचे आईवडील, मागे दाराशी वॉचमनच्या गणवेशात शांतवन — त्याची नोकरी तिथून दोन गल्ल्यांवर, लेकीच्या होणाऱ्या सासरच्यांना भेटायला तासभर सुट्टी काढून आलेला. मी सुरुवात केली, आणि हशा आला. पहिला हशा आला की मी माझा राहत नाही. सगळं जुनंच सांगितलं, नावासकट. शेवटाला आलो, जिथे नेहमी म्हणायचो की त्याचा शब्द अर्धाच राहिला. या वेळी माझ्याकडे पुरा शब्द होता. मी आवाज उतरवला, अगदी त्याच्यासारखा अडखळलो — नक्कल मला अजून उत्तम येते — आणि म्हणालो, "गेल्या रविवारी, बावीस वर्षांनी, तो बोलला. मा… माफ… क… कर."

सगळा हॉल रडला. मुलाच्या वडिलांनी रुमाल काढला. दाराशी कुणी नव्हतं.

बुधवारी निरोप आला. मुलाचे वडील फोनवर रूथवहिनींना म्हणाले, आमच्या मनात काही नाही, आम्ही ख्रिस्ती माणसं, क्षमा करतोच. पण त्या घरची मुलगी नको. आता त्या मुलाचं दुसरीकडे ठरलंय.

पुढच्या प्रभुभोजनाला शांतवन उठला, माझ्याकडे आला, हात धरला. माझा खांदा तोवर सुटला होता. मी मिठी मारली नाही. तो नुसता भाकर घ्यायची वेळ होईपर्यंत हात धरून उभा राहिला.

हे मंडळीच्या मासिकात छापायला देतोय, नावांसकट. एक प्रत चौकीत दिली आहे, एक मुलुंडला त्या घरी. रूथवहिनींना मी काल स्वतः वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, उठून दार उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत ते धरून ठेवलं.

पाना माझा होता. घाव मागून होता. विनोद त्याचा होता, आणि माझ्याहून चांगला होता. तो 'केलं' म्हणाला. मी 'कर' सांगितलं.