एक्स्चेंज ऑफरमध्ये गेलेलं मशीन

आज पेपर उघडला आणि ‘एक्स्चेंज ऑफर’चा रंगीत कागद पायावर पडला. मी तो चुरगळून फेकला. तो शब्द दिसला की अजून डोकं तापतं. बाबांमुळे, असं मी सगळ्यांना सांगते.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो. ‘जुनी कुठलीही वस्तू द्या, नव्या टीव्हीवर सूट घ्या,’ असं दुकानदार म्हणाला आणि आई रत्नागिरीला माहेरी गेलेली असताना बाबांनी तिचं शिलाई मशीन देऊन टाकलं. जुनं म्हणे! त्यावर ती अख्ख्या बिल्डिंगचे ब्लाउज शिवायची. टेम्पोत चढवताना दुसऱ्या बाजूने मीच हात लावला. मशीनच्या तेलाचा वास दोन दिवस हातांना होता.

आई परत आली. खिडकीखाली फरशीवर मशीनच्या पायांचे गंजके डाग तेवढे उरले होते. शेजारच्या भाभीचा अर्धवट शिवलेला ब्लाउज हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली.

“ऑफरचा शेवटचा दिवस होता गं,” बाबा म्हणाले.

“ऑफर म्हणजे आधी विचारतात ना?” आई म्हणाली. “मला कुणी विचारलं?”

आईने माझ्याकडे पाहिलं. नव्या टीव्हीवर माझी सिरियल लागली होती. मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.