फुली मारलेले फोटो

रामनगरातला तो फोटोग्राफर रोल धुतला की त्यातले सगळे फोटो आधी एकाच कागदावर छापायचा, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मग भिंग लावून बघायचा आणि नको त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारायचा. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, पण फोटो बघायला मी त्याच्या दुकानात हाताखाली राहून त्याच्याकडूनच शिकलो. रडका चेहरा दिसला की फुली ठरलेली. "भिंतीवर कोण रडका फोटो लावतंय व्हय?" म्हणायचा.

सुपा धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या घरांचे फोटो त्यानेच काढले होते. एका घराचे पाच होते. चारांत दारात बसून रडणारी बाई, म्हणून त्या चारही फोटोंवर फुली. पाचव्यात तिला बाजूला करून नुसतं घर. तेवढंच त्याने मोठं करून दिलं होतं.

पुढे त्या बाईचा नवरा दुकानात आला. बायको वारली होती आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता.

"घराचा फोटो काढलासा तवा ती दारातच हुती की."

फोटोग्राफरने तो फुल्यांचा कागद काढला, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. मी मागे उभा होतो. चारही फोटो मला दिसत होते.

"न्हाई मामा. ती आलीच न्हाई फोटोत."

म्हातारा उठला. "रडत असती तरी चाललं असतं बघा. दिसली तरी असती."

एकदा सांगितलेलं 'न्हाई' फोटोग्राफरला मागे घेता येईना. आणि मी, एवढा शिकलेला, त्याच्या पाठीशी गप्प उभा राहिलो. म्हातारा पायऱ्या उतरेपर्यंत त्याने कागद पालथा घातला होता.