गेलाय

ती कादंबरी मला आवडत नाही. आवडत नाही हे फार सौम्य झालं, मला तिचा राग येतो. अमेरिकेतले दोन मजूर दुसऱ्यांच्या शेतांवर राबत फिरतात, आपल्या होणाऱ्या जागेच्या गोष्टी एकमेकांना सांगतात, आणि शेवटी जागाही मिळत नाही आणि दोस्तही उरत नाही. कमलनगरच्या कॉलेजात मी ती दरवर्षी शिकवतो, कारण अभ्यासक्रमात आहे. एकटेपणावर एक प्रश्न, मैत्रीवर एक, भंगलेल्या स्वप्नांवर एक. मैत्रीचा प्रश्न आला की मी पोरांना सांगायचो, "परीक्षेत लिहा, मार्क पडतील. पण खरं धरू नका. दोस्त-बिस्त सगळं दार उघडं असेपर्यंत."

पोरं हसायची. सरांचं डोकं फिरलंय म्हणायची. फिरलंच होतं, आणि त्याला कारण होतं.

बी.ए.ला मी बीदरला होतो. आमच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतलेली, वडील बांधकामावर, आणि मला राहायला खोली हवी होती. बीदरात खोल्या भरपूर. मालक दार उघडायचा, खोली दाखवायचा, नळाला पाणी किती वाजता येतं तेही सांगायचा. मग जाता जाता विचारायचा, "आडनाव काय म्हणलाव?" आडनाव सांगितलं की त्याला आठवायचं, अरे, ही खोली तर कालच दिलेली! अशा कालच दिलेल्या सात खोल्या मी पाहिल्या. आठवी शोधायला माझ्यासोबत वर्गातला एक जण आला. राजेश्वर गावचा, बियाण्याचं दुकान असलेल्या घरातला, गळ्यात लिंग, घरात कन्नड, बाहेर मराठी. त्यानं स्वतःचं आडनाव सांगून खोली घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला आत आणलं. मालक बोंबलत आला, तर हा म्हणाला, "माझा दोस्त हाय. त्याला काढायलाव तर मीबी जायलोय."

तीन वर्षं आम्ही त्या खोलीत काढली. ती कादंबरी तिथंच, एका पुस्तकात दोघांनी वाचली. मी पान उलटायला घाई करायचो, तो ओरडायचा, "थांब की रे, मरायलास का!" वाचून संपली तेव्हा त्यानं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "त्यांना जागा न्हाई मिळाली. आपल्याला हाय." राजेश्वरच्या वेशीजवळ त्यांचा एक रिकामा प्लॉट होता. तिथं सहा खोल्या बांधायच्या, खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांसाठी. दोघांनी चालवायच्या. आडनाव विचारायचं नाही, एवढा एकच नियम. तो नियम मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता. एकेक खोलीत खिडकी कुठं, मोरी कुठं, यावरून आम्ही भांडायचो. मी आयुष्यात दुसरं काही इतकं मागितलं नाही.

परीक्षा झाल्यावर तो म्हणाला, "चल, अप्पाला विचारू." अप्पा म्हणजे त्याचे वडील. मी इस्त्रीचा शर्ट घालून राजेश्वरला गेलो. त्यानं मला बाहेर कट्ट्यावर बसवलं, "आलोच" म्हणाला आणि आत गेला. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून जाड आवाज आला, "यार बंदार?" कोण आलंय, एवढं कन्नड मला कळत होतं. आणि माझ्या दोस्ताचा आवाज आला, अगदी स्पष्ट, "गेलाय."

कोण आलंय विचारलं तर म्हणतो, गेलाय!

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सात दारांवर ऐकलेलं परवडलं, ते परके होते. मी कट्ट्यावर जिताजागता बसलोय आणि हा बापाला सांगतो, गेलाय. म्हटलं, बरं बाबा, गेलो. मी उठलो, चप्पल पायात सरकवली आणि समोर आलेल्या जीपला लटकलो. मागं वळूनही पाहिलं नाही.

निकालाच्या दिवशी तो कॉलेजात धावत आला. "कामून उठून गेलास रे? अप्पा भायेर आले, थोरल्या अक्कानं च्या आणला, आन् तू न्हाईस!"

"तूच सांगितलास ना बापाला, गेलाय म्हणून?"

"मी? कवा म्हणलो?"

"माझ्या कानानं ऐकलो."

"आईच्यान, न्हाई म्हणलो!"

शेपन्नास पोरं भोवती उभी होती. मी आवाज चढवला. "तुमच्या भिंतीवर समतेची वचनं, आन् दाराला आतून कडी! खोलीत घेतलास ते दया म्हणून घेतलास. जा, तुझ्या बापाला सांग, गेला तो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याचा चेहरा उतरला. तो वळून निघून गेला. पुढं एम.ए.ला आम्ही दोघं कलबुर्गीला जाणार होतो. मी एकटाच गेलो. तो दुकानावर बसला असं कुणीतरी सांगितलं. मी म्हणालो, बसू दे मेल्याला.

त्याला आता वीसेक वर्षं झाली. मला नोकरी लागली, घर झालं. जीव लावून दोस्ती मी पुन्हा कुणाशी केली नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी ताकाचं भांडंच लाथाडून मोकळा झालो होतो.

परवा वर्गात तीच कादंबरी काढली आणि माझं ठरलेलं वाक्य टाकलं, दोस्ती-बिस्ती सगळं खोटं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. बसवकल्याणकडची, कन्नड घरातली. म्हणाली, "पण सर, तो त्याचा गेळेया होता ना!"

मी खेकसलो, "गेलाय? कुठं गेलाय?"

अख्खा वर्ग खदाखदा हसला. ती म्हणाली, "गेलाय न्हाई सर. गे-ळे-या. म्हणजे दोस्त. आमच्यात कुणाचा दोस्त घरी आला, आतून यार बंदार म्हणले, की सांगतात, गेळेया."

मी खडू खाली ठेवला. कन्नड मला बाजारापुरतं येतं, शाळेतलं मी घोकून पास केलं. आमच्याकडं बाहेर बोलताना कन्नडवालेही दोस्तच म्हणतात, तोही मला दोस्तच म्हणायचा. त्या दिवशी अप्पासमोर त्यानं घरातला शब्द काढला असणार. ळ होता तो. सात दारांनी माझे कान असे करून ठेवले होते की मला तो ल ऐकू आला. पण सगळा दोष त्या दारांवर टाकून मला सुटता येत नाही. तो आईची शपथ घेत होता तेव्हा माझे कान शाबूत होते. गाढवा, एकदा विचारायचं तरी होतंस!

रविवारी मी राजेश्वरला गेलो. वेशीजवळचा तो प्लॉट तसाच होता, बाभळी माजलेल्या. दुकान जुन्याच जागी. गल्ल्यावर तो बसला होता, केस पिकलेले, अप्पांसारखाच जाड झालेला. त्यानं मान वर केली. ओळखलं. ओळखलं हे मला शंभर टक्के दिसलं, कारण त्याच्या हातातलं तुरीच्या बियाण्याचं पाकीट तसंच थांबलं. मी येताना वाटेत वाक्यं जुळवली होती, ती मनात एकदा घोकून घेतली.

मागच्या खोलीतून बाईचा आवाज आला, त्याच्या बायकोचा असावा. "यार बंदार?"

मी कान टवकारून उभा राहिलो. लाज सोडून सांगतो, एका शब्दासाठी मी भिकाऱ्यासारखा उभा होतो.

तो माझ्याकडं बघतच म्हणाला, "गिराकी."

गिराकी म्हणजे गिऱ्हाईक, हा शब्द कन्नडमध्ये आणि आमच्या मराठीत एकच आहे. चुकीचं ऐकायला त्यात काही जागा नाही. मग त्यानं पाकीट बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "बोला सर, काय देऊ तुमाला?"